मोहोराची थंडी आणि माणसांची

रत्नागिरी जिल्ह्यात थंडी पडली की वर्तमानपत्रांत ती मोहोराची बातमी होऊन येते. तुळशीचे लग्न लागते, उत्तरेचे वारे सुटतात, पहाटे गवतावर दव दिसू लागते आणि लगेच छापून येते : हापूसला पोषक हवामान, बागायतदार सुखावले. थंडी लांबली तर चिंता, पडली तर समाधान, मध्येच आभाळ भरून आले तर तुडतुड्यांची भीती. आंब्याच्या झाडाला किती अंशांची थंडी किती रात्री मानवते, याचा हिशेब येथे सर्वांना पाठ असतो. तसा तो असण्यात गैर काही नाही. हजारो कुटुंबांची वर्षाची कमाई त्या मोहोरावर टांगलेली असते. पण त्याच झाडाखाली, त्याच रात्री, माणसेही निजलेली असतात. त्यांना ती थंडी मानवते काय, ती घालवण्यासाठी घरात जाळ कशाचा होतो, ते जळण कोण आणते आणि त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. झाडाला थंडी कमी पडली तर कल्टार आहे. माणसाला ती जास्त झाली तर काय आहे?

‘रत्नागिरीत कसली आली आहे थंडी?’ असे घाटावरचा माणूस विचारील. प्रश्न अगदीच अवाजवी नाही. किनाऱ्यालगत हिवाळ्यातही रात्रीचे तपमान बहुधा १८-२० अंशांच्या आसपास राहते आणि दुपारी ३० अंशांच्या वरचे ऊन अंगावर येते. निफाडच्या मानाने ही थंडी म्हणजे लाडच. परंतु जिल्हा म्हणजे केवळ मांडवीचा किनारा नव्हे. दापोलीच्या पठारावर पारा कधी कधी १० अंशांखाली उतरतो. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेल्या वाड्यांवर ऊन उशिरा पोचते आणि लवकर निघून जाते. शिवाय थंडी केवळ अंशांवर लागत नाही. अंगावर काय आहे, पोटात काय आहे आणि डोक्यावर छप्पर कशाचे आहे, यांवर ती लागते. दिवसभर उन्हात राबलेल्या आणि रात्री जमिनीवर गोधडी टाकून निजणाऱ्या साठीच्या बाईला १५ अंश पुरेसे असतात.

कोकणातले घर मुळी थंडीसाठी बांधलेलेच नसते. ते पावसासाठी बांधलेले असते. उंच जोते, चिऱ्याच्या भिंती, उतरती कौले, आणि वारा खेळावा म्हणून भिंत व छप्पर यांच्यामध्ये सोडलेली मोकळीक. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपसूक निघून जाई आणि जाता जाता वाशांना भुंगा लागू देत नसे. त्या घरात ऊब अशी चुलीपाशीच. गेल्या काही वर्षांत गरिबाचे घर बदलले. घरकुल योजनेने २५ चौरस मीटरांचे पक्के घर दिले आणि ते देणे योग्यच होते. गळक्या छपराखाली पावसाळा काढलेल्या माणसाला त्याची किंमत सांगण्याची गरज नाही. पण स्लॅबच्या किंवा पत्र्याच्या त्या घरातून धूर निघून जाण्याची वाट राहिली नाही. पत्रा दिवसा तापतो तसा रात्री निवतो. म्हणून चूल बाहेर आली, मागील दारी चार वाशांवर पत्रा टाकून तिचा संसार मांडला गेला आणि घरात होती ती ऊबही तिच्याबरोबर बाहेर गेली. सरकारी आराखड्यात स्वयंपाकाची जागा दाखवलेली असते. तेथे गॅसची शेगडी असते, सिलिंडरही असतो. तो भरलेला असतो की रिकामा, हे आराखडा पाहून कळत नाही.

थंड देशांत हिवाळा आला की माणसे भिंतीवरची कळ फिरवतात आणि सारे घर तापते. कोकणात घर तापवण्याची अशी व्यवस्था नाही व तिची आवश्यकताही नाही. येथे थंडीशी सामना होतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी. ओटीसमोर पातेरा नि झावळ्या पेटवून केलेली शेकोटी हे त्यांतले सर्वांत दृश्य आणि सर्वांत बिनखर्ची ठिकाण. म्हातारी माणसे नि पोरे तेथे जमतात, आणि हिवाळ्याच्या हौशी वर्णनांत तीच येते. खरा खर्च होतो न्हाणीघराच्या पाणचुलीवर. आणि खरा धोका असतो तो बाळंतिणीच्या खोलीत.

आधी त्या खोलीविषयी. बाळंतपणे आता बहुतेक रुग्णालयांत होतात. पण चौथ्या-पाचव्या दिवशी आई घरी येते आणि हिवाळा असेल तर तिच्या बाजेखाली शेगडी येते. कोळसे नसतील तर चुलीतले निखारे घमेल्यात भरून ठेवले जातात, वर ओवा-शेपांची धुरी घातली जाते आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद होतात. आईला व अर्भकाला ऊब हवी हे शास्त्रही सांगते. नवजात बाळ गारठणे धोक्याचेच. परंतु बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली कुटुंबे सकाळी मृत आढळल्याच्या वार्ता येतात. कोकणातल्या खोल्या फटींच्या होत्या म्हणून येथे इतके दिवस निभावले. स्लॅबच्या बंद खोलीत तेच निभावेल असे धरून चालणे हा निष्काळजीपणा ठरेल. शेगडी ही अडाणीपणाची खूण आहे, असे शहाजोगपणे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. त्या आईला दुसरी ऊब कोण देणार, हे त्याच दमात सांगावे लागेल.

आता पाणचूल. कोकणातला माणूस आंघोळ चुकवीत नाही. शेतातून, खाडीतून, बागेतून आलेल्या माणसाला ती चुकवताही येत नाही. पाच माणसांचे घर धरा. प्रत्येकाला एक बादली, म्हणजे सुमारे २० लिटर, आणि थंडीच्या दिवसांत त्या पाण्याचे तपमान निदान १८ अंशांनी वाढवायचे. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. उरलेली हवेत व डोळ्यांत जाते. या हिशेबाने एका बादलीला किलोभर लाकूड लागते, घराला रोज साडेचार-पाच किलो आणि महिन्याला दीडशे किलोच्या जवळपास. डोक्यावरची मोळी २० किलोची धरली तर केवळ आंघोळीच्या पाण्यासाठी महिन्याला सात मोळ्या झाल्या. स्वयंपाकाच्या वेगळ्या.

ही मोळी आणते कोण? रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा काही लोक स्त्रीसन्मानाचे प्रमाणपत्र म्हणून मिरवतात. वस्तुतः तो मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आकडा आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. मार्गशीर्षातल्या पहाटे पाणचुलीपुढे बसायला तो नसतो. मागे राहतात त्या बाया, त्यांतही वयस्क अधिक. जिल्ह्यात झाडी पुष्कळ दिसते, पण सरकारी राखीव वन नाममात्र आहे. रान बहुतेक खाजगी मालकीचे. भूमिहीन किंवा गुंठाभर जमिनीच्या कुटुंबातील बाई लाकूड आणते ते कोणाच्या तरी मेहेरबानीने, किंवा कोणाची तरी नजर चुकवून. त्याच रानातून आईन-किंजळाचे ओंडके ट्रकांत भरून घाट चढतात आणि वरच्या भट्ट्यांत जळतात, त्याला व्यापार म्हणतात. बाईच्या डोक्यावरच्या मोळीला मात्र वृक्षतोड म्हणतात.

मोसमाचाही एक फास आहे आणि तो शहरात बसून लक्षात येत नाही. कोकणात जळण भरतात ते आगोटीला. उन्हाळ्यात तोडून वाळवलेले लाकूड पावसाळ्यापूर्वी पडवीत किंवा मांगरात रचले जाते आणि ते चार महिन्यांच्या पावसात संपत येते. दिवाळीनंतर नवी तोड सुरू होते ती ओल्या लाकडाची. म्हणजे ज्या दिवसांत ऊब हवी नेमक्या त्याच दिवसांत सुके जळण संपलेले असते नि ओले धुमसत असते. पूर्वी अशा वेळी रॉकेलची एक धार कामी येई. केंद्र सरकारने रेशनच्या रॉकेलवरील अनुदान मार्च २०२० पासून पूर्णपणे थांबवले आणि ती धारही आटली. गॅस घरोघर पोचला, आता रॉकेल कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. आता ओले लाकूड पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या, फाटक्या चपला, टायरचे तुकडे वापरले जातात. त्या धुरात काय असते याची चर्चा परिसंवादांत होते. फुंकणी ज्यांच्या हाती आहे त्यांना तेथे आमंत्रण नसते.

या धुराचे मोजमाप झालेले नाही असे नव्हे. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालासाठीचा अंदाज आहे. एकट्या भारतात २०१९ साली असे सुमारे ६ लाख मृत्यू झाले, असे ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. दिल्लीच्या धुक्याची छायाचित्रे छापली जातात, कारण ते धुके मंत्र्यांच्या आणि न्यायमूर्तींच्या खिडक्यांपर्यंत येते. न्हाणीघरातला धूर न्हाणीघराबाहेर येत नाही.

उज्ज्वला योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १ मे २०१६ रोजी ती सुरू झाली, जोडणी बाईच्या नावावर दिली गेली आणि आजवर दहा कोटींहून अधिक जोडण्या झाल्या. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्याने गावात जाऊन ‘या योजनेने काही झाले नाही’ असे म्हटले तर बायाच त्याला गप्प बसवतील, आणि ते बरोबर होईल. पाहुणा आला तर चहा धुराविना होतो, हा बदल लहान नव्हे. पण जोडणी म्हणजे जळण नव्हे. सरकारचेच आकडे सांगतात की उज्ज्वलाच्या कुटुंबाने २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी सुमारे तीन सिलिंडर भरून घेतले आणि २०२४-२५ मध्ये सुमारे साडेचार. वाढ झाली, हे मान्य. तरी साडेचार सिलिंडर म्हणजे ६४ किलो गॅस. वर मांडलेला आंघोळीचा हिशेब गॅसवर केला, शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर पाच माणसांच्या नुसत्या पाण्याला महिन्याला आठ किलो गॅस लागतो. म्हणजे या कुटुंबाचा वर्षाचा सगळा गॅस आठ महिन्यांच्या आंघोळीतच संपेल आणि भात शिजवायला थेंब उरणार नाही. तेव्हा गॅस दारी असूनही बाई पाणचूल पेटवते, ती सवयीची गुलाम आहे म्हणून नव्हे. तिचा हिशेब पक्का आहे म्हणून.

किमतीचे पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडरमागे ५० रुपये वाढले आणि दिल्लीतली किंमत ८५३ रुपयांवर गेली. उज्ज्वलाच्या ग्राहकाला ३०० रुपये अनुदान धरून ती ५५३ पडे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे सवलतीच्या सिलिंडरलाही जवळजवळ दोन दिवसांची मजुरी, आणि तीही काम मिळाले तर. पण खरी मेख याहून पुढे आहे. अनुदान खात्यात नंतर जमा होते. दारात गाडी उभी राहते तेव्हा पूर्ण किंमत मोजावी लागते. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेखाली वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची घोषणा केली. तेथेही रीत तीच : आधी पैसे भरा, मग खात्याकडे डोळे लावून बसा. श्रीमंताला ही केवळ हिशेबाची पद्धत वाटेल. ज्या घरात साडेआठशे रुपये एका वेळी हातात नसतात, त्या घरात हे ‘मोफत’ दाराबाहेरच थांबते. शिवाय सिलिंडरची गाडी डांबरी रस्ता सोडून पुढे येत नाही. वाडी वर डोंगरात असली तर ३० किलोंचे ते धूड डोक्यावर न्यायचे असते, मोळीपेक्षा जड.

वीज वापरावी तर तिचाही दर हिशेबाला बसत नाही. पाच बादल्यांना रोज दोनाहून अधिक युनिटे लागतात, महिन्याला साठ-पासष्ट. दिवे-पंखे-दूरदर्शन एवढाच वापर असणारे घर यामुळे १०० युनिटांची मर्यादा ओलांडते आणि पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. बादलीत सोडायचा हीटरचा दांडा बाजारात स्वस्त मिळतो खरा. ओल्या न्हाणीत तो किती जिवावर बेततो, हे वायरमनला विचारावे.

विजेचा विषय निघाला म्हणून हा जिल्हा काय आहे, हेही सांगितले पाहिजे. कोयनेच्या वीजगृहांची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट असून तिचा बहुतांश भाग चिपळूण तालुक्यात, पोफळीच्या परिसरात आहे. गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा प्रकल्प १,९६७ मेगावॉटचा. जयगडचे कोळशावरचे वीज केंद्र १,२०० मेगावॉटचे. बेरीज पाच हजारांच्या वर जाते. माडबनला ९,९०० मेगावॉटची अणुभट्ट्यांची योजना कागदावर उभी आहे. तिच्या विरोधातील आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीने एक तरुण मच्छीमार मारला गेला. अंजनवेलचा इतिहास तर या पक्षाच्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. एन्रॉनशी १९९३ साली झालेला वीजखरेदीचा करार, त्याविरुद्ध मृणाल गोरे यांनी पुढाकार घेऊन उभा केलेला लढा, जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार स्त्रियांना पोलिसांनी पहाटे घरांतून ओढून केलेली मारहाण (ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात ती नोंदलेली आहे), २००१ साली बंद पडलेले केंद्र आणि त्याच डिसेंबरात दिवाळखोर झालेली कंपनी. पुढे तो प्रकल्प सार्वजनिक क्षेत्राच्या गळ्यात आला. २०१३ पासून तेथील धक्क्यावर जहाजांतून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरतो आणि नळाने थेट बंगळुरूपर्यंत जातो.

तो वायू आणि सिलिंडरमधला गॅस या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे खरे. वीज राज्याच्या जाळ्यात जाते, ती गावापुरती अडवून ठेवता येत नाही, हेही खरे. तसा भाबडा दावा कोणी करूही नये. पण ज्या जिल्ह्याने या सर्व उष्णतेसाठी जमीन दिली, खाडी दिली, लाठ्या खाल्ल्या, त्या जिल्ह्यातल्या बाईला बादलीभर ऊन पाणी सन्मानाने मिळावे, एवढेही नियोजनात बसत नसेल तर ते नियोजन कोणासाठी, हा प्रश्न विचारावाच लागेल. प्रकल्प आले तेव्हा ‘विकास’ हा शब्द होता. आता काही शहरी भागांत नळाने गॅस देण्याचे काम सुरू झाले आहे. ते स्वागतार्ह आहे, पण नळ जाईल तो आधी सदनिकांत. पोफळीच्या वरच्या धनगरवाडीला त्याची वाट पाहायला सांगणे ही थट्टा होईल.

आणखी काही माणसे आहेत, जी कोणत्याच यादीत नाहीत. दिवाळीनंतर नेपाळमधून हजारो मजूर रत्नागिरीच्या बागांत राखणीला येतात. तसेच मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून. बागेतल्या राखणदाराचे घर म्हणजे प्लास्टिकचा कागद किंवा चार पत्रे. मोहोराला हवी असणारी ती थंडी हा माणूस सबंध रात्र अंगावर घेतो. त्याच्याकडे शिधापत्रिका नाही, उज्ज्वलाही नाही. पत्त्याच्या पुराव्याविना मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे, पण तो खुल्या बाजाराच्या भावाने. बायको-मुले बरोबर असतात. बागेतली सुकी काटकी हेच त्यांचे जळण, आणि तेही मालकाच्या मर्जीवर. औषधफवारणीच्या खर्चाचे तपशील बागायतदारांच्या प्रत्येक निवेदनात असतात. राखणदाराला दोन घोंगड्या आणि एक सिलिंडर द्यावा, असे कोणत्याही निवेदनात आढळत नाही. या बागायतदारांत पक्षाचे हितचिंतकही आहेत, म्हणून हे येथे लिहिणे अधिक अगत्याचे.

ऊब हा राजकारणाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काहींना येईल. इंग्लंडकडे पाहावे. तेथे मजूर पक्षाच्या सरकारने १९९७ साली वृद्धांना हिवाळ्यात घर तापवण्यासाठी रोख मदत सुरू केली. २०२४ साली त्याच पक्षाच्या सरकारने काटकसरीच्या नावाखाली ती केवळ अतिगरिबांपुरती ठेवली आणि इंग्लंड-वेल्समधील सुमारे एक कोटी वृद्ध एका फटक्यात वगळले गेले. शेगडी पेटवावी की पोटाला घालावे, या विवंचनेत असलेल्या पेन्शनरांचा रोष एवढा झाला की जून २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली आणि वार्षिक ३५ हजार पौंडांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मदत पुन्हा देऊ करावी लागली. तेथल्या श्रीमंतीची तुलना कोकणाशी करण्यात अर्थ नाही. पण ऊब ही मेहेरबानी नसून हक्क आहे असे लोकांनी एकदा मनात धरले की तो काढून घेणे समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारालाही जड जाते, एवढे त्यातून दिसते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७२ साली दुष्काळ आणि महागाई यांनी घरे पोळत असताना मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या हजारो स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर त्यांनी रॉकेल मागितले होते. चूल हा खाजगी प्रश्न नाही, तो शासनाने उत्तर द्यावयाचा प्रश्न आहे, हे त्या मोर्चांनी ठसवले. त्याच दशकात या राज्याने रोजगाराची हमी कायद्यात आणली आणि पुढे तीच कल्पना देशाने उचलली. हाताला कामाची हमी देता येते, तर चुलीला जळणाची हमी का देता येऊ नये?

अशी हमी म्हणजे काय, हे मात्र नेमके सांगता आले पाहिजे. नुसत्या घोषणेने सिलिंडर भरत नाही. उज्ज्वलाच्या ग्राहकाकडून दारात अनुदान वजा करूनच पैसे घेतले जावेत, आधी भरा नि मग घ्या ही रीत बंद व्हावी, ही पहिली आणि तातडीची मागणी. हा काही नव्या खर्चाचा प्रश्न नाही, फक्त पैसा कोणाच्या खिशात आधी अडकतो याचा आहे. पाच किलोचा सवलतीचा सिलिंडर रेशनच्या दुकानात मिळाला तर रोजंदारीवरच्या घराला तो पेलेल आणि डोंगरातल्या वाडीवर नेताही येईल. पाण्यासाठी मात्र गॅस हे उत्तर नव्हेच. मार्गशीर्ष-पौषात कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असते. तान्ह्या मुलासाठी पाण्याचा हंडा उन्हात ठेवण्याची रीत घरोघर आहे. त्याच उन्हावर पाणी तापवणारी सामायिक संयंत्रे वाडीवाडीवर, अंगणवाडीजवळ, नळयोजनेच्या टाकीला जोडून बसवता येतील. छपरावर वीज करण्यासाठी केंद्राची २०२४ सालची योजना एका घराला ७८ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देते. ते मिळते ज्याच्याकडे तसे छप्पर आणि उरलेला खर्च करण्याची ऐपत आहे त्याला. तेवढ्याच पैशात एका वाडीच्या आंघोळीचे किती पाणी तापेल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात, कुडाळच्या परिसरात, बायोगॅसची संयंत्रे मोठ्या संख्येने चालली आहेत. ज्या घरी तीन-चार जनावरे आहेत त्यांना ती उपयोगी, गोठा रिकामा झालेल्यांना नव्हे. कोकणात असे रिकामे गोठे वाढत आहेत, हेही ध्यानात ठेवावे. आणि जेथे चूल राहणारच आहे तेथे ती धुराडे असलेली, कमी लाकूड खाणारी असावी. १९८०च्या दशकात निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. उद्दिष्टे पुरी झाल्याची नोंद करून कर्मचारी गेले आणि पुढल्या पावसाळ्यात धुराडी फुटली; दुरुस्त कोणी करायची ते ठरलेलेच नव्हते. घरकुलाच्या आराखड्यात एक धुराडे घालायला कितीसा खर्च येतो?

२६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते, तेव्हा थंडी अजून असते. तोवर प्रत्येक शाखेने आपापल्या दोन-तीन वाड्या घ्याव्यात आणि घरोघर जाऊन चार गोष्टी वहीत उतरवाव्यात : वर्षात सिलिंडर किती भरले, अनुदान किती दिवसांनी खात्यात आले, जळणासाठी आठवड्यातून किती वेळा नि किती लांब जावे लागते, आणि गेल्या वर्षभरात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली होती काय. उत्तरे बायांकडूनच घ्यावीत. ओटीवरच्या पुरुषाने दिलेले उत्तर लिहू नये, त्याला ते ठाऊक नसते. बागांतल्या राखणदारांच्या झोपड्याही गाळू नयेत. ही वही ग्रामसभेत वाचून तिचा ठराव करावा, त्याची प्रत तहसीलदारांना आणि तालुक्याच्या पुरवठा अधिकाऱ्याला द्यावी व पोच घ्यावी. पोच दिली नाही तर रिकामे सिलिंडर घेऊन बायांनी तहसील कचेरीच्या पायरीवर बसावे. रिकामा सिलिंडर १५-१६ किलोंचा असतो. दोघींना मिळून सहज नेता येतो.